बेबाचं कार्ड

झुलालनं फळ्यावरचा तेराचा पाढा पुसला, हजेरीपुस्तक खणात टाकलं, त्याच खणातून शिक्का आणि शाईची गादी काढून टेबलावर मांडली, आणि शाळेचं पोष्ट झालं. बुधवारी आणि शनिवारी दुपारी हे असंच व्हायचं. पिंपळझिऱ्याची शाळा एकशिक्षकी, आणि जो मास्तर तोच पोष्टमास्तर. टपालवाला उखर्डू रावेरहून थैली घेऊन चालत यायचा, ओसरीच्या खांबाला टेकून बिडी ओढायचा आणि दर पाच मिनिटांनी "आटपा मास्तर" म्हणत राहायचा.

पत्रं लिहून घ्यायला बायाच यायच्या. कपाशीच्या वेचणीतून तासाभराची सुटका करून घेऊन ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसायच्या. पहिला मान सुगंधाबाईचा. तिचा मुलगा चाळीसगावला रेल्वेत होता.

"लिव्हा मास्तर. म्हणा, मेल्या, तुह्या बापाचा खोकला काही हटत नाही, अन् तुले तिकडं सिनेमे सुचतात."

झुलालनं वळणदार अक्षरात लिहिलं: 'चिरंजीवास अनेक आशीर्वाद. तुझ्या वडिलांना खोकल्याचा त्रास होत आहे. तरी सवड काढून भेटून जावेस.' लिहून झालं की वाचून दाखवायचं, हा त्याचा नियम. त्यानं वाचलं.

"माह्याच मनातलं," सुगंधाबाई खूश होऊन म्हणाली, "पण कसं साहेबावानी वाटतं!"

एरवी हे ऐकून झुलालच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज चढलं नाही. गेले कित्येक दिवस त्याचं हे असंच चाललं होतं. कशातच जीव लागत नव्हता. शिकवता शिकवता तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि मैदानापलीकडच्या आपल्या घराच्या दाराकडे बघत बसायचा. चौथीची पोरं गणित सोडवून पाट्या वर धरून थकायची, तरी याचं लक्ष नसायचं.

लग्नाला सात महिने झाले होते, बेबाला इथं आणून तीन. धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला तेवीस वर्षांचा मास्तर, आणि सतरा वर्षांची बायको. घरात तिसरं माणूस नाही. दोघंही भरल्या घरातून आलेली, त्यामुळे दोघांनीच एका चुलीपुढे बसून काय बोलायचं असतं हे दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. निदान सासू असती, तर बेबाला भांडायला तरी कुणी मिळालं असतं!

पण पहिल्या आठवड्यात ती बोलायची हो. भरभरून बोलायची. शिंदखेड्याकडची पोर, तोंडात नितळ अहिराणी. आणि तिथंच माशी शिंकली. पाटलाच्या घरच्या बाया भेटायला आल्या तेव्हा बेबा म्हणाली, "बसा ना, च्या कराले ठेयेल शे." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांची स्वतःची बोली काय पुण्यामुंबईची होती? पण मास्तरीण अशी बोलते याची त्यांना गंमत वाटली, एवढंच.

झुलालला मात्र ते झोंबलं. धुळ्याला कॉलेजात त्याच्याही तोंडून 'शे' निघालं होतं, आणि वर्षभर पोरांनी त्याला त्याच नावानं हाका मारल्या होत्या. त्यानं दात-ओठ खाऊन आपली जीभ धुऊन काढली होती. आता नवी नोकरी, अजून कायम व्हायची होती, आणि गाव मास्तरला जोखत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बेबाला समोर बसवलं.

"शे नाही म्हणायचं. आहे म्हणायचं. म्हण बघू."

"आहे," बेबा म्हणाली आणि हसली.

"हसायचं नाही. दहा वेळा म्हण."

तिनं दहा वेळा म्हटलं. मग 'माले' नाही, 'मला'. 'मना' नाही, 'माझा'. 'आठे' नाही, 'इथे'. वाक्यागणिक तो तिला थांबवायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा म्हणायला लावायचा. तिचं काही वाईट करतोय असं त्याच्या मनातसुद्धा नव्हतं. पण वाक्यं हळूहळू आखूड होत गेली. महिन्याभरानं बेबाची भाषा अगदी शुद्ध झाली, कारण तिच्यात तीनच शब्द उरले: हो, नाही, बरं.

"तुला काही हवंय का?" तो विचारायचा.

"नाही."

"करमतं ना?"

"हो."

यात दुरुस्त करण्यासारखं काही नसायचं. शाळेत ओरडून ओरडून घसा बसायचा आणि घरी गेलं की भाकरी थापल्याचा तेवढा आवाज. मग तो दिवेलागणीपर्यंत शाळेतच काहीतरी उकरत बसू लागला. घरी जायला धजत नव्हता, आणि शाळेत चैन पडत नव्हती.

"पुढे या," कार्डावरची शाई टिपत तो मान वर न करता म्हणाला.

समोर कुणीतरी येऊन बसलं. हिरव्या बांगड्यांचे हात गुडघ्यावर ठेवलेले त्याला दिसले. लग्नातला चुडा. यातली एक बांगडी परवा पाणी ओढताना पिचली होती आणि तिच्या जागी दोऱ्याचा वेढा होता. झुलालनं मान वर केली.

बेबा होती. डोक्यावरून नीट पदर घेतलेला, हातात कोरं कार्ड.

ओसरीवर खसखस पिकली.

"अवं मास्तरीणबाई, तुम्ही कायले रांगेत?" पलीकडून ताईबाई म्हणाली. "घरी लिहून घ्या की आरामात!"

"घरी पोष्ट नाही," बेबा म्हणाली. मग झुलालकडे न बघता, एकही चूक न करता, त्यानं शिकवलेल्या भाषेत म्हणाली, "मास्तर, माझ्या भावाला कार्ड लिहायचं आहे."

झुलालची कानशिलं तापली. उठ, घरी चल, असं म्हणावं असं त्याच्या अगदी ओठावर आलं. पण सहा बाया टक लावून बघत होत्या आणि उखर्डूनं बिडी विझवली होती. त्यानं टाक दौतीत बुडवला.

"सांगा," तो म्हणाला.

"पुनादादा, माले आठे येवाले तीन महिना व्हयनात," बेबा म्हणाली. तिचा आवाज एकदम निराळा आला, मोकळा, उंच. पहिल्या आठवड्यानंतर तो झुलालनं ऐकला नव्हता.

त्याच्या हातानं आपोआप लिहिलं: 'मला येथे येऊन तीन महिने झाले.'

"वाचून दाखवा," बेबा म्हणाली.

त्यानं वाचलं.

"हे मी सांगितलं नाही."

"अर्थ तोच आहे."

"दादा म्हणेल, हे बेबानं धाडलेलंच नाही. दुसरं कार्ड घ्या, मास्तर. मी सांगते तसं लिहा."

पदरात आणखी एक कार्ड होतंच. म्हणजे ही तयारीनं आली होती! झुलालनं ते घेतलं. ती सांगत गेली, तो लिहीत गेला. काना-मात्रा कसे द्यावेत इथपासून अडत होतं, कारण ही भाषा त्यानं आयुष्यात कधी कागदावर लिहिली नव्हती. लहानपणी नुसती बोलली होती, खाल्ली होती, तिच्यात मार खाल्ला होता. मधे एकदा बेबानं बांगडीच्या जागचा दोरा चाचपला, पण ती थांबली नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता वाचा."

"राहू दे," झुलाल हळूच म्हणाला.

"सगळ्यांचं वाचता."

"वाचा मास्तर," सुगंधाबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता थट्टा नव्हती. "नियम म्हंजी नियम."

झुलालनं कार्ड उचललं आणि वाचायला लागला.

"पुनादादा, माले आठे येवाले तीन महिना व्हयनात. घर चांगलं शे. पानी जोडेच शे. खावा-पेवाले बठ्ठं शे. त्या मानूस भला शेतस. कधी आवाज चढावतस नही, हात उगारतस नही. पन मनासंगे बोलतस तवय त्या शाळाना फळापुढे उभा ऱ्हातस असं वाटस. मनं बोलनं त्यासले चुकेल वाटस. म्हनीसन मी बोलनं सोडी दिधं. दादा, आते माले मना आवाज आयकू येत नही. आखाजीनी वाट पाहू नको. माले लेवाले ये."

सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो तो आखाजीला, म्हणजे वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला. त्याला अजून चार महिने होते. त्याआधी भाऊ आला तर कशासाठी आला, हे खानदेशात कुणी कुणाला विचारत नाही.

वाचून संपलं तरी कार्ड त्याच्या हातातच राहिलं. 'शे' म्हणताना जीभ आधी अडली होती, मग सुटली होती, आणि शेवटी शेवटी तर असं झालं की हे आपणच कुणाला तरी लिहितोय. माले मना आवाज आयकू येत नही. धुळ्याच्या त्या वर्षात वसतिगृहाच्या खाटेवर पडून, आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत नाही, हेच त्यानं आईला लिहायचं मनात आणलं होतं आणि लिहिलं नव्हतं. त्याला लाज वाटली, इतकी की बायांसमोर डोळे भरून आले तेही त्यानं पुसले नाहीत.

"आटपा मास्तर," उखर्डू म्हणाला, पण अगदी हळू.

"पत्ता?" झुलालनं विचारलं.

"पुना झिपरू पाटील. मुक्काम पिंप्री."

त्यानं लिहिलं आणि टाक थांबवला. पिंप्री नावाची गावं खानदेशात पैशाला पासरी. तालुका घातला नाही तर कार्ड चाळीसगाव, अमळनेर, नंदुरबार अशी गावं धुंडाळत फिरणार, अंगभर शिक्के मारून घेणार आणि महिन्या-दोन महिन्यांनी रावेरला परत येणार. अशी कार्डं त्याच्या खणात चार पडली होती. कुणी पोष्टमास्तरला बोल लावत नव्हतं. सांगितलं तेवढं लिहिलं, म्हणता आलं असतं.

"तालुका?" तो म्हणाला.

बेबानं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "वऱ्हाड घेऊन तिथंच आला होतात."

टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमा झाला. झुलालनं तो दौतीच्या काठावर झटकला. मग त्यानं लिहिलं, 'तालुका शिंदखेडे, जिल्हा पश्चिम खानदेश', इतक्या ठसठशीत अक्षरांत की आंधळ्यालासुद्धा चाचपून वाचता यावं. गादीवर शिक्का दाबला, कार्डावर मारला, आणि स्वतः उठून ते उखर्डूच्या थैलीत टाकलं. उखर्डूनं थैलीचं तोंड आवळलं, एकदा मास्तरकडे आणि एकदा मास्तरणीकडे बघितलं आणि वाटेला लागला.

बेबा उठली. निऱ्या झटकल्या आणि ओसरीच्या कडेला गेली. तिथं ती थांबली. मैदानाकडे तोंड करूनच म्हणाली,

"कार्ड पोचाले चार दिन. दादाले येवाले चार."

झुलालला आधी कळलं नाही. मग कळलं, हे आठ दिवस त्याच्यासाठी होते, तसा तो टेबलाला धक्का देऊन पुढे आला. दौत कलंडली ती त्याला दिसलीही नाही.

"बेबा," त्यानं हाक मारली. भर दुपारी, सहा बायांच्या देखत, नवरा बायकोला नावानं हाक मारत होता! ताईबाईनं तर जीभच चावली. "बेबा, आठ दिन पुरतीन का वं?"

तिनं मागे वळून बघितलं नाही. पदर डोक्यावर पुढे ओढला.

"आजना दिन धरीसन आठ," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

पाळी आता ताईबाईची होती, थैली गेली तरी कार्ड लिहून ठेवता आलं असतं. तिनं हातातलं कोरं कार्ड बघितलं, दुमडून कनवटीला खोचलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"माह्यं काही अडलेलं नाही, मास्तर," ती म्हणाली. "मी येईन बुधवारी. चला वं बायांनो, कपाशी तशीच पडेल हाये."

झुलाल पायऱ्या उतरला. टोपी खुंटीवरच राहिली होती. उघड्या डोक्यानं, शाईच्या हातांनी तो मैदान ओलांडायला लागला, आणि पुढे चाललेल्या बेबाला गाठेपर्यंत आधी काय बोलायचं ते त्याला सुचेना. मग सुचलं तसं तो बोलायला लागला.