ओरहानचा उजवा गुडघा

“पुन्हा,” उल्का म्हणाली.

ओरहान पुन्हा लाकडी बॉक्सवर चढला. सात फुटांचा तो तुर्की खेळाडू वर उभा राहिला, की सिंगापुरातल्या पाया लेबार भागातल्या त्या लहानशा क्लिनिकचं छत त्याच्या डोक्याला लागेल असं वाटे. त्याने उजव्या पायावर खाली उडी घेतली. गुडघा जागचा हलला नाही. तिसरी उडी, आणि तिन्ही बिनचूक.

“झालं ना?” दाराशी उभा असलेला अश्विन म्हणाला. ओरहानच्या बास्केटबॉल क्लबचा तो मॅनेजर, मूळचा ठाण्याचा. “उल्काताई, फिटनेसच्या फॉर्मवर करून टाका सही. चारला फायनल आहे. बास्केटखाली उभं राहायला दुसरा सेंटर नाही आमच्याकडे.”

उल्काने पेन उचललं नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून चौदा वर्षं ती लोकांचे गुडघेच बघत आली होती. उड्या बिनचूक होत्या, जरा जास्तच. दर वेळी ओरहानची पाठ किंचित पुढे झुकत होती. वजन गुडघ्यावर यायच्या आत तो ते कमरेत झेलत होता.

अश्विनचा फोन वाजला. तो बाहेर गेल्यावर तिने इंग्रजीत विचारलं, “हे लपवायला कुठे शिकलास?”

ओरहान खाटेवर बसला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नसावं.

“अमेरिकेत. कॉलेजात.”

अठराव्या वर्षी तो इझमीरहून निघाला आणि बर्फात बुडालेल्या एका छोट्या कॉलेजात पोचला. पहिलं वर्ष बाकावर गेलं. कोच काय ओरडतोय तेच कळायचं नाही. दुसऱ्या वर्षी तो संघाचा मुख्य सेंटर झाला. तिसऱ्या वर्षी मोठ्या संघांची माणसं त्याला बघायला येऊ लागली. चौथ्या वर्षी, फेब्रुवारीत, गुडघा सुजला. तीन आठवडे त्याने सगळ्यांना फसवलं. शेवटच्या सामन्यात रिंगवरून उसळलेला चेंडू पकडायला तो उंच उडाला आणि खाली आला तो किंचाळतच. त्यानंतर कोणीही बघायला आलं नाही. मग पोलंड, लेबनॉन, फिलिपिन्स आणि आता सिंगापूर.

“तेव्हा सही कोणी केली होती?”

“ट्रेनरने. चांगला माणूस होता. हॉस्पिटलात येऊन रडला.” ओरहानने गुडघ्यावरून हात फिरवला. “माझी आई काल आलीये. त्या चार वर्षांत तिला एकदाही व्हिसा मिळाला नाही. नंतर वडलांचं आजारपण. तिने मला खेळताना कधी पाहिलेलंच नाही. मला फक्त दहा मिनिटं द्या.”

उल्काला सही करावीशी वाटली, अगदी मनापासून. तिने गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला. ओरहानचा चेहरा हलला नाही, पण त्याच्या मुठीत चादर चुरगळली.

तिने फॉर्मवर ‘अनफिट’ लिहिलं.

अश्विन आत आला आणि फॉर्म बघून लाल झाला. “ताई, काय करताय कळतंय का? आमचे सगळे खेळाडू तुमच्याकडे येतात. उद्यापासून येणार नाहीत.”

“नका पाठवू.”

“दुसरं कोणीही देईल सही.”

“लीगच्या डॉक्टरांना मी आत्ताच कळवलंय,” उल्का म्हणाली.

ओरहानने बुटांच्या नाड्या बांधल्या, दारातून वाकून बाहेर पडला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

तिची ड्यूटी संपली होती. घरी, हौगांगला जायचं सोडून ती स्टेडियमवर गेली आणि अगदी मागच्या रांगेत बसली. बास्केटखालची जागा उघडी पडली होती. समोरचे खेळाडू तिथूनच घुसत होते. ओरहान ट्रॅकसूट घालून बाकाच्या टोकाला बसला होता, घसा फुटेस्तोवर ओरडत होता. “Put the big guy in lah!” उल्काच्या शेजारचा माणूस सिंगापुरी इंग्रजीत वैतागला. तिने मान वर केली नाही. क्लब तीन गुणांनी हरला.

गर्दी पांगली. स्वेटर घातलेली एक ठेंगणी म्हातारी पायऱ्या उतरून कोर्टवर गेली आणि ओरहानसमोर उभी राहिली. तुर्कीत काहीतरी बोलली, बास्केटकडे बोट दाखवलं. ओरहानने नकारार्थी मान हलवली. ती हलली नाही. तिने पुन्हा बोट दाखवलं.

त्याने जॅकेट काढलं. कोणीतरी त्याच्याकडे चेंडू टाकला. तो फ्री थ्रोच्या रेषेवर गेला, चेंडू तीनदा आपटला.

“उडी नको मारूस,” उल्का पुटपुटली. ती त्याच्या टाचांकडेच बघत होती.

हात वर गेले. टाचा जमिनीला टेकलेल्याच राहिल्या. चेंडू जाळीतून खाली पडला.

म्हातारी चेंडूमागे धावली. दोन्ही हातांनी तो उचलून तिने परत आणला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.