भिंतीबाहेरची जागा

मित्रांनो, मी चर्चच्या पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या उंच मेजावर, वर्षानुवर्षे बसलेला एक जाडजूड ग्रंथ आहे. लोक मला पवित्र शास्त्र म्हणतात. माझं जन्मसाल पहिल्या पानावर छापलेलं होतं, पण ते पान कधीच फाटून गेलं. छापखान्यात माझी पानं जुळली, बाइंडरने मला दोऱ्याने शिवून कातडी पाठ चढवली आणि अक्षर मोठं म्हणून मला ही जागा मिळाली. एकामागून एक आलेल्या पाळकांनी, म्हणजे इथल्या धर्मगुरूंनी, माझे समास टिपांनी भरून टाकले. माझं वाचन सुरू झालं की सगळे उठून उभे राहत. मला वाटायचं, इथे जे जे चालतं ते माझ्यातूनच निघतं. एका सकाळी तो समज गेला. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं बाळ तिसऱ्याच दिवशी गेलं. बाप्तिस्मा राहून गेला होता. आमच्या चर्चच्या मंडळीचा जुना रिवाज असा, की अशा बाळाला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायचं. घंटा नाही, प्रार्थना नाही.

त्या सकाळी बाळाची आजी तरातरा पुलपिटापाशी आली.

"पाळकसाहेब, हे शास्त्रात कुठंय? बोट ठेवून दाखवा मला."

पाळक नवे होते, तरुण होते. त्यांनी मला उघडलं. पुढे गेले, मागे आले. घामेजलेली बोटं पानांना चिकटत होती. माझ्यात असं काही नाही हो, मला ओरडून सांगायचं होतं. पण वाचणाऱ्याच्या तोंडाशिवाय मला तोंड नाही.

"नाहीये," ते शेवटी म्हणाले. "आणि जे ह्यात नाही, ते मी मानणार नाही. बाळ आत येईल."

मी सुखावलो. तेवढ्यात बाकावरून सुतारबाबा उठले. मंडळीतले सगळ्यांत जुने वडीलधारे. घंटाही तेच वाजवत.

"साहेब, घंटा तरी ह्यात कुठंय? दफनाच्या वेळी आपण म्हणतो ती प्रार्थना कुठल्या अध्यायातली? ती आमच्या आजोबांनी आमच्याकडून पाठ करून घेतली. आणि ह्या दोन पुठ्ठ्यांत कोणती पुस्तकं असावीत, हे कुणी ठरवलं? जुन्या मंडळीनंच ना? मग तिचं एक ऐकायचं आणि एक टाकायचं?"

मी हादरलो. मी काही आभाळातून शिवून आलो नव्हतो. माणसांनी माझ्या नकला केल्या, मला जिवापाड जपलं, ह्या हातातून त्या हातात दिलं, म्हणून मी इथवर पोचलो होतो.

"बाबा, पण तुम्ही एवढे का चिडलात?" आजीने विचारलं.

बाबांनी भिंतीच्या दिशेनं बोट केलं. "माझी धाकटी बहीण आहे त्या भिंतीबाहेर. दोन दिवसांची होती. आईनं हूं की चूं केलं नाही. रिवाज आहे म्हणून गिळलं. आज तुम्ही म्हणता, रिवाजच चूक. मग तिनं सोसलं ते कशासाठी?"

आजीने स्वतःच माझी पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. "वाचा."

बाबांनी चष्मा चढवला. लेकरांना प्रभूकडे आणतात, शिष्य हटकतात आणि प्रभू रागावतो, तो भाग. शंभरदा वाचलेला. ह्या वेळी ते मध्येच थांबले.

"हटकणारे त्याचेच होते," ते पुटपुटले. "आपल्यासारखेच."

दुपारपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने लहानशी पेटी केली. घंटा वाजवली. भिंतीच्या आतल्या कबरीपाशी पाळकांनी बाबांना पुढे केलं आणि आजोबांनी शिकवलेली प्रार्थना बाबांनीच तोंडपाठ म्हटली. मग मला काखेत घेऊन ते भिंतीबाहेर गेले. बहिणीची नेमकी जागा त्यांना ठाऊक नव्हती. म्हणून ते भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीच प्रार्थना म्हणत चालत राहिले. आजी मुकाट्याने मागून चालली.

आता मी काचेच्या कपाटात असतो. वाचन पडद्यावर होतं. लोक काच पुसतात, मला उघडत नाहीत. दर रविवारी नवा वाद कानावर येतो. कुणी म्हणतं, 'शास्त्रात आहे.' कुणी म्हणतं, 'पूर्वापार आहे.' आणि मी आतल्या आत तळमळतो. मित्रांनो, मला नुसता मान नको, मला हाताळा. ज्यांनी मला तुमच्यापर्यंत आणलं त्यांचं ऐका. त्यांचं कुठे चुकलं ते माझ्यात शोधायलाही भिऊ नका. फक्त शोधताना शेजारी कुणी सुतारबाबांसारखं, रिवाजापायी सोसलेलं उभं असेल, तर आवाज जरा खाली ठेवा.