एका ढांगेचा ओढा

ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यातली ती कोळशाची खाण बंद पडून दोन वर्षं झाली होती, आणि आता खाणवाल्यांना जमिनीचा पुळका आला होता. गावच्या हॉलमध्ये टेबलभर नकाशा पसरला होता. मातीचे डोंगर कुठे सपाट करायचे, गवताचं बी कुठे पेरायचं आणि चाळीस वर्षांपूर्वी खाणीसाठी बाजूला वळवलेला टिंडल ओढा आता कुठे सोडायचा, सगळं रंगवून ठेवलेलं. चहा होता, लॅमिंग्टन केक होते. पण म्हाताऱ्या क्लेम हार्गनने कशालाच हात लावला नव्हता.

शेजारी त्याची मुलगी जनीन बाह्या सरसावून उभी होती. तिचं कुरण ओढ्याच्या जुन्या पात्राला लागून, खालच्या अंगाला. कधीतरी ओढा परत येईल या एका आशेवर तिने वीस वर्षं टँकरच्या पाण्यावर गाई जगवल्या होत्या.

"ही निळी रेघ खाणीच्या खड्ड्यात का शिरतेय?" तिने विचारलं. "माझ्याकडे का येत नाही?"

आराखडा करणारी टेगन तरुण होती आणि गोड बोलायची. गोड बोलणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत.

"नियम असा आहे, जनीन. खाणीच्या आधीच्या मोजणीत 'ओढा' असेल, तर तो जुन्या पात्रात परत सोडावाच लागतो. 'चर' असेल, तर खड्ड्यातल्या तळ्यात सोडला तरी चालतो. इथे 'चर' लिहिलंय."

"चर? कुठल्या गाढवाने लिहिलं?"

ते गाढव तिच्या शेजारीच उभं होतं.

क्लेम तेव्हा खाणीचा मोजणीदार होता. ब्याऐंशी साल, दुष्काळ. मोजणीवाल्यांचा आपला एक ठोकताळा असायचा: बूट न भिजवता एका ढांगेत ओलांडता आला तर चर, नाहीतर ओढा. क्लेमने ढांग टाकली, बूट कोरडे राहिले, आणि त्याने 'चर' लिहून टाकलं. कुणी पैसे चारले नव्हते, कुणी दटावलं नव्हतं. पुढच्याच वर्षी तो 'चर' असा फुगला की गावचा लाकडी पूल घेऊन गेला.

"मी लिहिलं," क्लेम म्हणाला. "आणि ते चूक आहे. दुष्काळ होता तेव्हा. तो ओढाच आहे, टेगन. खोडून टाक ते."

"चाळीस वर्षांनी जाग आली होय रे, क्लेम!" मागून बॅरी फेंटन ओरडला. दोघंतिघं हसले.

टेगन हसली नाही. "तुमच्याकडे त्या वेळची वही आहे? फोटो?"

"वह्या खाणीने ठेवून घेतल्या. आणि ओढ्याचे फोटो कोण काढतंय? मी स्वतः सांगतोय ना!"

"क्लेम, कागदावर तुमचीच सही आहे. तुमच्या आजच्या शब्दापेक्षा तेव्हाची सही मोठी धरतात. मी तरी काय करू?" तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. "लिहून द्या. हरकतींमध्ये लावते."

फॉर्मवर चार ओळींची जागा होती. क्लेमच्या तीनच झाल्या. त्याच्या हरकतीला सत्तेचाळीस नंबर पडला.

परतताना जनीन नजर रस्त्यावर ठेवून गाडी चालवत होती. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पूर आला तेव्हा मी चार वर्षांची होते," ती शेवटी म्हणाली. "तू मला खांद्यावर घेऊन बघायला गेला होतास. म्हणजे तेव्हाच तुला कळलं होतं."

"हो."

"ओढा वळवायला अजून तीन वर्षं होती."

"हो."

"मग दुरुस्त का नाही केलंस?"

क्लेमने जरा वजनदार कारण शोधून पाहिलं. नव्हतंच.

"बरोबरची पोरं हसली असती," तो म्हणाला. "मोजणीदाराला साधा ओढा ओळखता येत नाही म्हणून."

त्याच्या दारात तिने गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"शनिवारी गुरांच्या व्यापाऱ्याला बोलावते. सगळ्याच गाई देऊन टाकते. तू येऊ नकोस, डॅड. तू समोर असलास तर मला रडता यायचं नाही."

"बरं," क्लेम म्हणाला, आणि उतरला.