पंचवीस वॅटचं घर

संध्याकाळ झाली की आमच्या घरात एकच दिवा लागायचा. बसायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराच्या चौकटीवर उम्मीनं तो टांगून घेतला होता, म्हणजे एका दिव्यात दोन्हीकडचं भागायचं. पंचवीस वॅटचा. उम्मी म्हणजे माझी आई, नझीहा. मीटर वाचायला येणारा माणूस दर वेळी काचेवर टिचकी मारून विचारायचा, "बाई, हे चालू आहे ना? की अल्लाला प्यारं झालं?"

"चालू आहे, बाळा. जपून चालतंय."

शेजारची फत्तूमा खाला तर तोंडावरच म्हणायची, "नझीहा, तुझ्या घरात चोर शिरला ना, तर बिचारा ठेचकाळूनच मरेल."

"मग कुलपाचाही खर्च वाचला," उम्मी म्हणायची.

आमच्या स्फाक्समध्ये, ट्युनिशियातल्या या बंदराच्या शहरात, काटकसर ही लाजायची गोष्ट नाही, पण उम्मीची काटकसर स्फाक्सच्या मानानंही जास्तच होती. कपडे खंगाळलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी लिंबाच्या झाडाला. साबणाच्या उरलेल्या चिपा जुन्या मोज्यात भरायच्या आणि त्या मोज्यानं भांडी घासायची. माझा स्वेटर आखूड झाला की ती तो उसवायची, लोकर धुऊन वाळवायची आणि त्याच लोकरीचे बाबांसाठी पायमोजे विणायची. मात्र आमच्यापैकी कुणी कधी उपाशी निजलं नाही, हेही सांगायला हवं. शुक्रवारी कुसकुसवर, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या दाण्यांवर, मासा असायचाच. लहान का होईना, असायचा.

हे सगळं वरच्या मजल्यासाठी चाललं होतं. माझा भाऊ झुहैर एका कारखान्यात लेथवर काम करायचा. इंतिसार नावाच्या मुलीशी त्याचं ठरून तीन वर्षं झाली होती. वर दोन खोल्या झाल्या की लग्न, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. एका वर्षी विटा आल्या, एका वर्षी लोखंड, एका वर्षी भिंती उभ्या राहिल्या. आता स्लॅब तेवढा राहिला होता आणि तो सप्टेंबरात पडणार होता. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते.

बाबा मुख्तार तेलाच्या घाणीवर कोठार सांभाळायचे. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. मुळातच कमी बोलणारा माणूस. निवृत्तीनंतर तर ते उम्मीचेच शागीर्द झाले, असं आम्हाला वाटायचं. आदल्या हिवाळ्यात त्यांनी आपली सायकल विकली आणि ते पैसे सिमेंटसाठी उम्मीच्या हातावर ठेवले. ती सायकल त्यांच्या लग्नाच्याही आधीची. उम्मी पुढे महिनाभर येईल त्याला सांगत होती, "माझ्या मुख्तारला आता कुठे समजायला लागलं." मग त्यांनी कॉफीच्या दुकानात जाऊन वर्तमानपत्र वाचणं सोडलं. तिथं बसलं की कॉफी घ्यावी लागते, म्हणाले. संध्याकाळी अंगणातल्या बाकावर ते काळोखात बसून राहायचे, दिवा लाव म्हणून कधी म्हणायचे नाहीत.

"बघ, शिक काही तुझ्या बापाकडून," उम्मी मला म्हणायची. मी वाचायला दिव्याखाली खुर्ची ओढलेली तिला खपायची नाही.

चहा ओतताना बाबांची धार पेल्याबाहेर जायची. तिपाईला त्यांचा पाय लागायचा. पण तिपाईला आम्हा सगळ्यांचेच पाय लागायचे. त्या घरात कोण कशाला धडकलं याची कुणी दखलच घेत नसे.

जुलैत वर्षभराचं कुसकुस करून ठेवायचा आमचा रिवाज. फत्तूमा खाला आणि तिच्या दोघी सुना सकाळपासून आल्या होत्या. आमचं झालं की आम्ही त्यांच्याकडे जायचं. परातीत रव्यावर पाण्याचा हबका मारून तळहातानं गोल गोल फिरवायचं, दाणा धरला की तीन चाळण्यांतून काढायचं, वाफवायचं आणि अंगणात पांढऱ्या चादरींवर वाळत घालायचं. दुपारपर्यंत चार चादरी भरल्या होत्या. ऊन असं होतं की त्या चादरींकडे बघवत नव्हतं. आम्ही बायका भिंतीच्या सावलीत टेकलो होतो.

बाबा आतून पाण्याचा माठ घेऊन आले. आमच्यासाठीच. दारातून निघाले आणि सरळ चालत पहिल्या चादरीवर आले. आम्हाला वाटलं, वळतील. वळले नाहीत. एक पाऊल, दुसरं, तिसरं. ओल्या दाण्यांत त्यांचा पाय रुतला, तेव्हा ते थांबले. माठातलं पाणी हिंदकळून चादरीवर सांडलं.

उम्मी किंचाळली. "मुख्तार! अरे, डोळे कुठे गेले तुझे? वर्षाचं अन्न तुडवलंस!"

बाबांनी माठ सावकाश खाली ठेवला. तोही कुसकुसमध्येच. मग ते वाकले आणि आपण कशात उभे आहोत हे बघण्यासाठी हातानं चाचपायला लागले. मूठभर दाणे उचलून त्यांनी नाकाशी नेले.

उम्मी अजून बोलतच होती. रवा काय भावानं आणला, किती हात लागले. फत्तूमा खालानं तिचं मनगट धरलं.

"नझीहा," ती हळू म्हणाली, "ऊन आहे गं."

उम्मीला कळलं नाही. "काय?"

"भर दुपार आहे. ऊन आहे."

उम्मीचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी तिच्याकडे बघत होते. तिचा राग जाऊन तिथं दुसरं काहीतरी येताना मी पाहिलं, ते मी विसरू शकलेले नाही. ती उठली, आपली चप्पल काढून स्वतःही त्या चादरीवर चालत गेली आणि बाबांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली.

खाला आणि सुना उरलेलं आवरायला लागल्या. मी पाणी देण्याच्या निमित्तानं आत गेले आणि दाराशीच थांबले.

बाबा पलंगावर बसले होते. उम्मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून त्यांच्या पायाला चिकटलेले दाणे ओल्या फडक्यानं पुसत होती.

"कधीपासून?"

"होईल दोन वर्षं. आधी वाटलं, वय आहे."

"सायकल?"

"गाढवाच्या गाडीवर घातली होती. गाडी मला दिसलीच नाही." मग म्हणाले, "कपाळाला लागलं होतं ना, तेव्हा. दवाखान्यातली नर्स म्हणाली, डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. चिठ्ठी दिली होती तिनं."

"कुठंय?"

"कोटात."

उम्मीनं कोट काढला. चिठ्ठी होती, घड्यांवर विरलेली. उम्मीला वाचता येत नव्हतं. तिनं ती तशीच हातात धरली.

"मला का नाही सांगितलंस, मुख्तार?"

"सांगितलं असतं तर तू पैसे काढून दिले असतेस."

"मग?"

"मग स्लॅब राहिला असता." ते अगदी सहज बोलत होते, जणू तिचीच काहीतरी गफलत होते आहे आणि ते समजावून देताहेत. "म्हटलं, सप्टेंबर जाऊ दे. मग जाऊ."

उम्मीनं चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाली, "तू एकदा चष्मा मागितला होतास. कोठारात असताना. मी म्हणाले, पोती मोजायला चष्मा कशाला लागतो?"

"मला नाही आठवत."

"मला आठवतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाहेर जाताना अंगभर गुंडाळायची पांढरी सफसारी ओढली, बाबांना सोबत घेतलं आणि मलाही, कारण कागद वाचायला कुणीतरी हवं होतं. बसची वाट न बघता तिनं टॅक्सीला हात केला. मी माझ्या जन्मात प्रथमच तिच्यासोबत टॅक्सीत बसत होते.

डॉक्टर म्हातारे होते, बोलायला सरळ. काचबिंदू, म्हणाले. डावा डोळा गेला होता. उजव्यानं समोरचं तेवढं दिसत होतं, नळीतून बघितल्यासारखं. "हा रोग दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. कडेकडेनं खात येतो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून उरलंय ते राखता येईल. गेलेलं परत येणार नाही."

"दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?" उम्मीनं विचारलं.

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं आणि मग कागदावर लिहायला लागले. "आज आलात ना," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात पोस्टातली सगळी शिल्लक निघाली. पैसे काढले त्या रात्री जेवताना उम्मीनं झुहैरला सांगितलं. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पगारातला अर्ध्याहून जास्त भाग तो दर महिन्याला तिच्याकडे द्यायचा.

"सगळे?" त्यानं विचारलं.

"सगळे. ऑपरेशन, औषधं, पुढची औषधं. ती जन्मभर."

तो उठून बाहेर गेला. बाबा म्हणाले, "मी म्हटलं होतं, सप्टेंबरपर्यंत—"

"तू गप्प बस," उम्मी म्हणाली. "तुझं बोलायचं दोन वर्षांपूर्वी राहून गेलंय."

झुहैर तासाभरानं परतला तो इंतिसारच्या वडिलांना भेटूनच. लग्न मोडायचं असेल तर मोडा, असं तोच त्यांना सांगून आला होता. त्यांनी ते मोडलं नाही. पण इंतिसारची आई पुढे वर्षभर आमच्याशी धड बोलली नाही, हेही खरं. वसंतात लग्न झालं. उम्मी-बाबांनी आपली खोली नव्या जोडप्याला दिली आणि स्वतःची गादी बसायच्या खोलीत आणली. वरच्या भिंतींना छत नसल्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात गिलावा गळून पडला. स्लॅब झुहैरनंच घातला, पण सहा वर्षांनी.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले त्या दिवशी उम्मीनं प्रत्येक खोलीत शंभर वॅटचा दिवा लावला. अंगणात एक, जिन्यात एक. संध्याकाळी घर असं उजळलं की फत्तूमा खाला धावत आली. तिला वाटलं, कुणी गेलं की काय.

बाबा बाकावर बसून म्हणाले, "नझीहा, बंद कर. मला आता त्यानं काही फरक पडत नाही."

"तुझ्यासाठी नाही लावलेत. तू धडपडलास तर मला दिसायला हवं."

बाकी तिचं काही बदललं नाही. मोज्यातल्या साबणानंच भांडी घासली जायची. कपड्यांचं पाणी लिंबाला जायचं. बदललं एवढंच की तिनं विचारायची सवय लावून घेतली. झुहैर खोकला की विचारायची. माझं डोकं दुखतंय का, विचारायची. पाठीवर हात ठेवून, थांबून, उत्तर खरं आहे की नाही हे चेहऱ्यावर वाचत विचारायची. आम्ही वैतागायचो. रोज उठून काय हे, म्हणायचो.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "हे घराण्यात उतरतं. मुलांचेही डोळे एकदा तपासून घ्या. घाई नाही."

ती तिथून उठलीच नाही. "हिचे आत्ता बघा," म्हणाली. "मुलगा कामावर आहे, त्याला उद्या आणते."

"बाई, आज गर्दी आहे."

"आम्ही बसतो."

आम्ही चार तास बसलो. बाबा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. उम्मी ताठ बसून होती, तिची नजर दारावरून हलली नाही. शेवटी माझा नंबर लागला. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, दाब मोजला आणि मग पुन्हा मोजला. उम्मी माझ्या पाठीमागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "अगदी सुरुवात. नुकसान अजून काही नाही. रोज थेंब घातले तर होणारही नाही."

मला फक्त बाबांचा चादरीवरचा तो चाचपडणारा हात दिसत होता. आणि माझी आई, जी कोथिंबिरीच्या जुडीवरूनही दुकानदाराशी दहा मिनिटं घासाघीस करायची, तिनं ना किंमत विचारली ना मुदत.

"दिवसातून किती वेळा?" एवढंच तिनं विचारलं.

"दोनदा. सकाळ-संध्याकाळ."

दुसऱ्या दिवशी झुहैरचे डोळे तपासले. ते ठणठणीत निघाले. बाबा पुढे अकरा वर्षं जगले, आणि त्यांचा उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसायचा. माझे थेंब पहिली चार वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, सकाळ-संध्याकाळ उम्मीनंच घातले. मी घालते म्हटलं तरी ऐकायची नाही. माझी मान मागे करायची, अंगठ्यानं पापणी ओढायची आणि थेंब पडला की मी डोळा मिटेपर्यंत तशीच वाकून बघत राहायची. मला आजही दोन्ही बाजूंचं, कडेपर्यंत, सगळं दिसतं.