मामाच्या पाकिटावरचं गाव

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो. चांदूर रेल्वेला भावनाताईंच्या टायपिंग सेंटरात कोपऱ्यात बसून असतो. नवं यंत्र आल्यापासून माझ्या डोक्यावर रद्दी ठेवतात. एकेकाळी अर्ज, दाखले, प्रश्नपत्रिका, सगळं मीच छापलं. ताई म्हणायच्या, "माहा प्रिंटर बैलावानी राबते." ते ऐकून मी फुगून जायचो. एका पाकिटाने माझी ती ऐट उतरवली.

रुख्मिणीबाई लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं पत्ते छापायला घेऊन आल्या. त्यांचे भाऊ रामराव अचलपूरला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सहा वर्षं बोलणं बंद. पण नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणून पहिलं पाकीट त्यांचं, हळदकुंकू लावलेलं, अजून ओलं.

तेच आधी माझ्या तोंडात आलं. ओल्या हळदीने रोलर घसरला, पाकीट अडकलं, लाल दिवा लागला. ताईंनी ते ओढून काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. पण संगणकात माप मोठ्या पानाचंच राहिलं होतं. नाव उमटलं आणि पाकीट संपलं. गाव न् पिनकोड बाहेरच राहिले.

"दुसरं घालू का?" ताईंनी विचारलं.

"हळदकुंकवाचं हाये माय, ते कसं टाकाचं?"

"मंग गाव पेनानं लिहून देऊ," म्हणत ताईंनी ते बाजूला ठेवलं.

मग त्यांनी पाकिटाचं माप निवडलं, साध्या कागदावर छापून पाहिलं, पाकिटं कडेला नीट टेकवून लावली. बाकीची ऐंशी मी झकास छापली. तोवर एस्टीची वेळ झाली. घाईत ते अर्धं पाकीटही गठ्ठ्यात गेलं. मी पाहत होतो. पण माझा लाल दिवा अडकलेल्या कागदासाठी लागतो, राहिलेल्या गावासाठी लागत नाही.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी रुख्मिणीबाई तेच पाकीट घेऊन आल्या. 'पत्ता अपुरा' म्हणून पोस्टाने परत केलेलं.

"शेजारच्या नितेशनं आणलं पोरीले मांडवात," त्या म्हणाल्या. "अन् मी चार मान्सांत भावाले नावं ठेवली. त्याले तं पत्रिकाच भेटली नाई."

ताईंनी पेन उचललं. बाईंनी त्यांचा हात धरला. "राहू दे आता."

मित्रांनो, पाकीट घालण्याआधी माप तपासा, आमच्या रोलरला जपा. आणि छापून झालं की एकदा वाचा. आम्हाला वाचता येतं, सांगता येत नाही. बहिणीने भावाला बोलावलं होतं, हे रामरावांना कोणी सांगितलं की नाही, मला अजून ठाऊक नाही.