कपाळावरची पट्टी

त्या दवाखान्यात डॉक्टरांना कुणी भीत नसे. डॉक्टर बिचारे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेले. भ्यायचं ते काउंटरवरच्या त्रिशला मॅडमना. ऑप्टोमेट्रीचा डिप्लोमा करणारी जी पोरं राजारामपुरीतल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात हात बसवायला यायची, त्यांची हजेरी मॅडमच्या हातात. पोरगं कामाचं की बिनकामाचं, हे वर्षाच्या शेवटी डॉक्टर त्यांनाच विचारायचे. मागच्या साली आदिती नावाच्या मुलीनं मॅडमना पेशंटदेखत एक प्रश्न विचारला होता. महिन्याच्या आत तिला गाशा गुंडाळावा लागला.

दीक्षा उचगावची. वडील फौंड्रीत कामाला, आणि घरात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. हे वर्ष हातचं गेलं तर दुसरं कुठून आणणार? म्हणून काउंटरवरून "ए मुली" अशी हाक आली की ती हातातलं टाकून धावायची. घरी मात्र ती सांगायची, मॅडम फार चांगल्या आहेत. भीतीची एक लाजही असतेच की.

बाहुली मोठी करायचे थेंब ज्याला घालायचे, त्याच्या कपाळावर मॅडम पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवायच्या. उजव्या डोळ्यासाठी उजव्या भुवईवर, डाव्यासाठी डावीवर, आणि दोन्ही डोळ्यांसाठी मधोमध. पोरांनी बाकाबाकानं फिरायचं, पट्टी दिसली की थेंब घालायचे आणि पुढं सरकायचं. "तिथं विचारत बसायचं न्हाई. विचारायला मी हाय," असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पद्धत सोपी होती, अडाणी माणसालाही कळेल अशी. तिच्यावर वर्षानुवर्षं दवाखाना चालला होता, हे खोटं नाही.

त्या दिवशी गर्दी मुंगीला वाट देत नव्हती. भिंतीकडच्या बाकावर हातकणंगल्याहून आलेलं एक म्हातारं जोडपं टेकलं होतं. गणपतीआजोबांच्या कपाळाच्या बरोब्बर मधे पट्टी. दीक्षानं त्यांची मान मागं केली.

"पोरी, डाव्या डोळ्याचा दिवा कवाच इझलाय. त्यात कशाला घालतीस?" आजोबा म्हणाले.

दीक्षाचा हात थांबला. तिनं काउंटरकडं पाहिलं. मॅडम कुणावर तरी खेकसत होत्या. आत्ता जाऊन विचारायचं म्हणजे आदितीच्या वाटेनं जायचं. पट्टी मधोमध आहे ना, मग झालं. "दोन्हींत घालायचे आहेत, आजोबा," असं म्हणून तिनं थेंब घातले आणि पुढचा बाक गाठला.

पुन्हा त्या बाकाशी आली तेव्हा आजोबा भुवई दाबून बसले होते. "डोसक्यात घण मारल्यागत व्हतंय," ते म्हणाले, "आन् त्या ट्यूबभवतीनं रंगीत कडी कसली लावलीया तुमी?"

ट्यूबला कसलीही कडी नव्हती. दिव्याभोवती रंगीत कडं, भुवईत ठणका, हे वर्गात शिकवलेलं तिला तोंडपाठ होतं. काही डोळ्यांत पाणी निचरायची वाट मुळातच अरुंद असते. बाहुली मोठी केली की ती वाट बुजते, डोळ्यातला दाब चढतो, आणि वेळेत उतरला नाही तर डोळा कायमचा जातो. तिनं वाकून बॅटरी मारली. उजवा डोळा लाल झाला होता आणि बाहुली उजेडालाही हलत नव्हती.

"आजोबा, तुम्हाला काचबिंदू आहे?"

"हाय की. एक डोळा त्यानंच खाल्ला. ह्याला पुढच्या आठवड्यात लेसर मारायचं म्हंत्यात डाक्टर. आज मी नुसता हिच्या संगं आलोय."

"मग ही पट्टी?"

शेजारी बसलेल्या बायडाबाई मोकळेपणानं म्हणाल्या, "ती माझी, बाई. त्या मॅडमनी नेमकी कुकवावर डकवली. धनी शेजारी बसलाय आन् मी कुकू झाकून बसू व्हय? काढली. टाकून द्यावी तर ओरडतील, म्हणून ह्यांच्या कपाळाला लावून ठेवली. नंबर जायला नगं म्हणून."

दीक्षाला तिथंच धरणी दुभंगेल तर बरं असं वाटलं. बायडाबाईंचं काही चुकलं होतं असंही तिला म्हणवेना. नवऱ्याच्या आयुष्यासाठी जपलेलं कुंकू, ते त्या माउलीनं मोकळं केलं होतं. विचारायला हवं होतं ते दीक्षानं. आजोबांनी तर तोंडानं सांगितलं होतं. माणसाच्या तोंडापेक्षा तिनं पट्टीवर विश्वास ठेवला, कारण पट्टीवर विश्वास ठेवला तर कुणी ओरडत नाही.

ती काउंटरशी गेली आणि अडखळत सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा चुन्यासारखा झाला. क्षणभरच. मग त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू बोल. एवढ्यानं काय हुतंय? चहा पाज आणि गाडीला बसवून दे. थेंब उतरले की आपोआप बरं वाटतंय."

"मॅडम, तो एकच डोळा आहे. सरांना सांगायला पाहिजे."

"सर ऑपरेशनला हाईत. दार वाजवायचं न्हाई, म्हाईत हाय न्हवं? तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नको. तू सांगितलंस म्हणून मी काय ठपका ऐकून घेणार न्हाई."

दीक्षा मागं वळली. आजोबा आता बाकाखाली वाकून ओकत होते आणि बायडाबाई त्यांची पाठ चोळत "पित्त झालं वाटतं" म्हणत होत्या. ते पाहिलं आणि दीक्षाची मॅडमबद्दलची भीती गेली असं नाही, पण तिच्याहून मोठी भीती येऊन तिच्यावर बसली. ती ऑपरेशनच्या खोलीकडं धावली.

दारावर हात उचलला आणि मागून मनगट पकडलं गेलं. मॅडम. "थांब म्हंते ना!" पण दीक्षाला जाणवलं, तिचं मनगट धरलेला तो हात तिच्याहून जास्त थरथरत होता. ह्या बाईलाही कुणीतरी "उद्यापासून येऊ नको" म्हणू शकतं, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिनं दुसऱ्या हातानं दार वाजवलं. जोरात.

नर्सनं दार किलकिलं केलं. आत डॉक्टर मायक्रोस्कोपवर वाकलेले. फटीतून दीक्षानं एका दमात सांगितलं, काचबिंदूच्या पेशंटला बाहुलीचे थेंब गेले, दाब चढलाय. डॉक्टरांनी मान वर केली नाही. त्यांना ती करताही येत नव्हती, हातांखाली एक डोळा उघडा होता. "कुणी घातले?"

"मी."

"आणि पट्टी कुणी लावली?"

मॅडमनी दीक्षाचं मनगट सोडलं. "मी लावली, सर. त्यांच्या मंडळीला. कुंकू बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की काउंटरवर तो कुणी ओळखला नसता.

"दाबाच्या गोळ्या द्या, शिरेतून औषध सुरू करा. हा डोळा बंद करून येतो." एवढंच बोलून डॉक्टर पुन्हा कामाला लागले.

मग वाट बघणं आलं. आजोबांना आतल्या खाटेवर निजवून नर्सनं सुई लावली, डॉक्टर हात पुसत येऊन पाहून गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. ओकारी थांबली, पण आजोबांना दिसतं की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते डोळे मिटून पडून राहिले होते. खाटेच्या पायथ्याशी तिघी एका बाकावर बसल्या. बायडाबाईंना आता सगळं समजलं होतं. त्या पदराचा बोळा तोंडात कोंबून बसल्या होत्या. मॅडम काउंटर सोडून आल्या होत्या. बाहेर फोन वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. दीक्षाच्या मनात दुसरं काही नव्हतंच, तो डोळा तेवढा राहू दे. कुणाला म्हणत होती तेही तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर तिसऱ्यांदा आले. दाब मोजला. आजोबांच्या तोंडापुढं दोन बोटं धरून म्हणाले, "आजोबा, डोळा उघडा. किती बोटं?"

आजोबांनी डोळा उघडला. बोलेनात. डॉक्टरांनी बोटं थोडी जवळ आणली. तरी बोलेनात. दीक्षानं न बघता शेजारचा हात घट्ट धरला. तो मॅडमचा होता आणि मॅडमनी तो काढून घेतला नाही.

"बोटं बाजूला घ्या की सायेब," आजोबा खेकसले, "मागचं दिसंना झालंय. बायडे, तू रडतीस ते रडतीस, ह्या दोन पोरी कशाला रडाय लागल्यात? मी मेलो काय?"