पंपाचा चौथरा

आमचे हे आयुष्यात एकदाच हरले, आणि तेही स्वतःच्या तोंडाने. माझ्याशी हरतात ते मी धरत नाही.

गुडघे बोलायला लागले म्हणून आम्ही शेत विकलं. घेणाऱ्या नर्सबाई, नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या आणि हौशी. सगळी पुंजी ओतून त्यांनी लिंबाची रोपं लावली. आणि यांनी काय करावं? विहिरीवरचा पंप उपटून घरी आणला!

"अहो, हे काय?"

"खरेदीखतात विहीर आहे. पंप कुठे लिहिलाय? दाखव."

कर्म माझं! पंप लिहायचा राहिला होता खरा. इतकी वर्षं तो तिथेच होता, तो वेगळा लिहायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पण खरं कारण मला माहीत होतं. हा पंप यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला, यांचा जीवच अडकला होता त्याच्यात. आता तो आमच्या व्हरांड्यात चादर पांघरून बसला आणि हे रोज त्याला तेल घालू लागले. माझं डोकं दुखतं तेव्हा कधी तेलाची बाटली हातात घेतली नाही.

नर्सबाईंनी दावा लावला. पण कोर्ट आपल्या चालीने चालतं, रोपं कशाला थांबतील? त्या बिचाऱ्या आमच्याच नळावरून बादल्या भरून न्यायच्या. हे अडवायचे नाहीत. "नळाचा दावा नाही," म्हणायचे आणि तोंड फिरवायचे.

एक दिवस बादली भरता भरता त्यांना रडूच कोसळलं. "वहिनी, रोपांनी माना टाकल्या हो. ही गेली तर पुन्हा लावायची माझी ऐपत नाही."

माझं डोकंच फिरलं. "तुमचे वकील काय करतायत मग?"

"ते म्हणतात, पंप जमिनीत पक्का रोवलेला असेल तर तो जमिनीबरोबर माझा. नुसता ठेवलेला असेल तर भाऊंचा. पण सिद्ध कसं करायचं? भाऊंनी चौथरा फोडून पार सपाट केलाय."

मी नळ बंद केला. "सिद्ध कशाला करताय? वकिलांना सांगा, यांच्या कामाला नावं ठेवा. पुढचं हे बघून घेतील."

तारखेला हे साक्षीला उभे राहिले. "पंप नुसता ठेवला होता, एवढंच बोला," असं यांच्या वकिलांनी पढवलेलं. हे पोपटासारखे तेवढंच बोलले.

"बरोबर," नर्सबाईंचे वकील गोड आवाजात म्हणाले. "म्हणजे डुगडुगत असणार. घाईघाईचं, कच्चं काम."

यांचे कान लाल झाले.

"वाऱ्यानेसुद्धा हलत असेल, नाही का?"

"कोण म्हणतं?" हे कडाडले. "हातभर खोल पाया खणलाय मी! बोल्ट सिमेंटात गाडलेत! काढताना छिन्न्या मोडल्या माझ्या! भूकंप आला असता तर विहीर हलली असती, पंप नाही!"

यांच्या वकिलांनी कपाळावर हात मारून घेतला. जजबाई हसू दाबत लिहीत राहिल्या.

पंप होता तसा बसवून द्या, असा निकाल लागला. यांनी गवंडी बोलावला नाही. कुरकुरत्या गुडघ्यांनी स्वतः चौथरा बांधला. पाणी रोपांपर्यंत पोचलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, हा माझं ऐकेल असं वाटत नाही. रोज सकाळी चालू करायला याल?" हे "बघू" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत चपला घालून तयार!

निकालाची प्रत यांनी चौकट करून भिंतीवर लावली आहे. पाहुणा आला की "काम अत्यंत मजबूत होते" एवढी ओळ वाचून दाखवतात. हरल्याचं कोणी बोललंच तर म्हणतात, "हरलो कुठे? कोर्टाने मान्य केलंय."

यंदा पहिली लिंबं घरी आली. सरबताचा घोट घेत हे म्हणाले, "त्या वकिलाला नेमकं तेच कसं सुचलं गं?"

मी आपली साखर ढवळत राहिले. यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ग्लास पुढे केला.

"बरं केलंस," म्हणाले. "आण अजून थोडं."